बापाचे बारा पूल

ताईनं महिनाभर आधीच बजावलं होतं, "येतेयस तर १९ मे धरून ये. त्या रात्री ब्लिकलिंगला ॲन बोलेन येते." शेजारच्या गावची जत्रा सांगावी, तशा आवाजात. ॲन बोलेन म्हणजे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची राणी, व्यभिचाराचा आरोप ठेवून जिचं डोकं उडवलं ती. ताई म्हणजे माझी मावसबहीण. नॉरिचला येऊन तिला वीस वर्षं झाली. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, मराठी समजतो आणि हट्टानं बोलतोही.

आम्ही दोघी एकाच आजीच्या गोष्टींवर वाढलो. आजीच्या गोष्टींतलं भूत कधी उगाच यायचं नाही. मुंजा असो, समंध असो, त्याचं काहीतरी राहिलेलं असायचं. कुणाचं लग्न, कुणाचं धन, कुणाचा शब्द. ती म्हणायची, "भूत दिसलं तर पळायचं नाही. विचारायचं, बाबा रे, तुझं काय राहिलं?" पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात गावागणिक जुने जमीनदारी वाडे आहेत. तिथे त्यांना 'हॉल' म्हणतात, आणि बहुतेक हॉलांना आपापलं भूत आहे. आम्ही ठरवलं, चार दिवसांत जमतील तेवढ्या वाड्यांवर जायचं आणि आजीचा प्रश्न विचारायचा.

पहिला दिवस, १७ मे : फेलब्रिग

नॉरिचहून उत्तरेला क्रोमरच्या समुद्राकडे जाताना, किनाऱ्याच्या जेमतेम दोन मैल अलीकडे फेलब्रिग हॉल लागतो. झाडी संपते, मोकळं कुरण येतं, कुरणात मेंढ्या, मध्ये एकटं चर्च आणि पुढे वाडा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा दर्शनी भाग. छताच्या कठड्यावर दगडी अक्षरं कोरून काढलेली : ग्लोरिया देओ इन एक्सेल्सिस. स्वर्गातल्या देवाचा जयजयकार. अक्षरं आरपार कोरलेली असल्यामुळे त्यांच्या फटींतून आभाळ दिसतं. मी ती बराच वेळ बघत उभी राहिले.

इथलं भूत ग्रंथालयात असतं. हे ऐकल्यापासूनच मला या भुताबद्दल माया वाटू लागली होती.

विल्यम विंडम. जन्म १७५०, मृत्यू १८१०. खासदार, पुढे युद्धमंत्री, आणि इंग्रजीचा शब्दकोश करणाऱ्या डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनचा जिवाभावाचा मित्र. १७८४ मध्ये जॉन्सन अखेरच्या दिवसांत होता तेव्हा विंडम त्याच्या उशाशी बसलेला असे. जॉन्सन गेल्यावर त्याच्या पुस्तकांचा लिलाव झाला, त्यातली काही पुस्तकं फेलब्रिगला आली. जुलै १८०९ मध्ये लंडनमध्ये विंडमच्या एका मित्राच्या घराला आग लागली. घरात मोठा ग्रंथसंग्रह होता. एकोणसाठ वर्षांचा हा माणूस आगीत शिरून पुस्तकं बाहेर काढत राहिला. बरीचशी वाचली. त्या धावपळीत त्याच्या कमरेला मार बसला, तिथे गाठ आली, ती वाढत गेली. मे १८१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतं. ४ जूनला तो गेला.

घरात असं सांगतात, की जॉन्सनची ठराविक पुस्तकं टेबलावर मांडून ठेवली, की विंडम येतो आणि वाचत बसतो. कुणाला तो खुर्चीत दिसतो, कुणाला शेल्फाशी. कुणाला त्रास दिल्याची एकही गोष्ट मला सापडली नाही.

ग्रंथालय वरच्या मजल्यावर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर केलेलं, टोकदार कमानींच्या लाकडी कपाटांचं. खिडक्यांवर पडदे अर्धे ओढलेले, कारण उन्हानं पुस्तकांच्या पाठी विटतात. आत शिरताच तो वास आला, जुनं चामडं, मेण आणि थोडा ओलसरपणा. लहानपणी गावच्या वाचनालयात यायचा, तसा. भाच्यानं टेबल पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, याचं काय राहिलं?"

ताई पटकन म्हणाली, "वाचायचं राहिलं." आणि मला आजीचा समंध आठवला. ज्याला मूलबाळ नाही आणि ज्याचा जीव कशात तरी अडकलेला आहे, असा माणूस मेला की त्याचा समंध होतो, असं ती सांगायची. मग तो आपल्या ठेव्यावर बसून राहतो. विंडमला मूल नव्हतं. ठेवा समोर चारही भिंतींना लावलेला होता. आजीला इथे काहीही समजावून सांगावं लागलं नसतं.

अजून एक गोष्ट मी ताईला तिथेच, खिडकीशी उभी राहून सांगितली. हा विंडम हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरच्या महाभियोगात, तो चालवणाऱ्या एडमंड बर्कच्या बाजूनं उभा होता. रामपूरच्या फैजुल्ला खानावर झालेल्या अन्यायाचा आरोप त्यानं संसदेत मांडला. बर्कच्या आरोपपत्रात मराठ्यांशी केलेलं युद्ध आणि तह हाही एक आरोप होता. ते युद्ध कशातून आलं? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, राघोबादादा गादीसाठी इंग्रजांकडे गेला, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, त्यातून. म्हणजे "काका मला वाचवा" ही हाक फिरत फिरत या वाचनवेड्या माणसाच्या टेबलावर कागद होऊन आली असणार. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला. पण कुणीतरी ते कागद वाचले होते, हे मला त्या खोलीत फार मोलाचं वाटलं.

बाहेर आल्यावर भिंतीआडच्या बागेत गेलो. तिथलं मोठं कबूतरखानं भाच्याला वाड्यापेक्षा जास्त आवडलं. संध्याकाळी क्रोमरच्या धक्क्यावर खेकड्याचं सँडविच खाल्लं आणि वाऱ्यानं गारठून घरी आलो.

दुसरा दिवस, १८ मे : रेनम आणि हाउटन

सकाळपासून पाऊस. फेकनम गावावरून पुढे ईस्ट रेनमला पोहोचेपर्यंत तो नुसता भुरभुर उरला होता. रेनम हॉलमध्ये टाउनशेंड घराणं आजही राहतं. घर खासगी आहे, ठराविक दिवशीच आत जाता येतं, आणि तो दिवस आमचा नव्हता. आम्ही चर्चपाशी गाडी लावली आणि ओल्या गवतातून जेवढं जवळून बघता येईल तेवढं बघितलं. लाल विटा, पांढऱ्या दगडाच्या किनारी, डच पद्धतीचे वळणदार त्रिकोणी माथे. बांधकाम १६१९ च्या सुमाराला सुरू झालेलं.

जगातला सर्वांत प्रसिद्ध भुताचा फोटो या घरातला आहे. १९ सप्टेंबर १९३६. कॅप्टन प्रोव्हँड आणि इंद्रे शिरा हे दोघे छायाचित्रकार ओक लाकडाच्या जिन्याचा फोटो घेत होते. शिराला जिन्यावरून धुरकट आकृती उतरताना दिसली, त्यानं ओरडून सांगितलं, प्रोव्हँडनं झाकण काढलं, झगझगाट झाला. फोटोत जिना आहे आणि जिन्यावर डोक्यावरून पदर घेतल्यासारखी एक पांढुरकी बाई आहे. २६ डिसेंबरला तो 'कंट्री लाइफ' मासिकात छापून आला. एकाच काचेवर दोनदा प्रकाश पडल्यामुळे असं दिसतं, असं छायाचित्रणातले जाणकार तेव्हापासून सांगत आलेत, आणि मला ते पटतं. पण तो फोटो मी शाळेत असताना एका दिवाळी अंकात पाहिला होता आणि नंतर कित्येक रात्री आमच्या माडीच्या जिन्याकडे बघितलं नव्हतं. तो जिना या भिंतीपलीकडे कुठेतरी आहे, या जाणिवेनं ओल्या चपलांतही पाय जड झाले.

ही 'तपकिरी बाई' म्हणजे डोरोथी वॉलपोल. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानला जाणारा रॉबर्ट वॉलपोल, त्याची धाकटी बहीण. जन्म १६८६. १७१३ मध्ये तिचं लग्न चार्ल्स टाउनशेंडशी झालं. तो बिजवर, राजकारणातला मोठा माणूस. पुढे मेव्हण्याशी, म्हणजे वॉलपोलशी बिनसल्यावर त्यानं राजकारण सोडलं आणि शेतीत लक्ष घातलं. गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर अशी पिकांची फेरपालट त्यानं इतकी उचलून धरली, की लोक त्याला 'सलगम टाउनशेंड' म्हणू लागले. शाळेच्या इतिहासात हाच टाउनशेंड असतो.

गावातली गोष्ट वेगळी आहे. ती अशी, की डोरोथीचं लग्नाआधी लॉर्ड व्हार्टनशी प्रेम होतं. नवऱ्याला ते कळलं, त्यानं तिला खोल्यांत कोंडलं, मुलांना भेटू दिलं नाही, आणि तशीच ती गेली. नोंद सांगते, २९ मार्च १७२६ ला ती देवीच्या रोगानं गेली. चाळिशीही पूर्ण झाली नव्हती.

१८३५ च्या नाताळात कर्नल लॉफ्टस नावाच्या पाहुण्याला ती दिसली, तपकिरी रेशमी पोशाखात, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी रिकाम्या खाचा. पुढल्या वर्षी कॅप्टन मॅरियट हा दर्यावर्दी लेखक मुद्दाम तिच्या खोलीत झोपायला आला. हे सगळं चोरट्या व्यापाऱ्यांचं काम असावं, असं त्याचं मत. रात्री बोळात ती हातात दिवा घेऊन समोर आली, दिवा चेहऱ्याशी नेऊन त्याच्याकडे बघून विकट हसली, आणि त्यानं पिस्तूल झाडलं. गोळी मागच्या दारात रुतली. ही हकिकत त्याच्या मुलीनं लिहिली, आणि तीही १८९१ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. इतक्या वर्षांत गोष्टीला किती हात लागले असतील, याचा विचार करायला हवा.

पावसापासून आडोसा म्हणून चर्चच्या दारात उभ्या असताना ताई म्हणाली, "एवढ्या जणांना दिसली. एकानं तरी विचारलं का तिला, बाई गं, तुला काय पाहिजे? पिस्तूल काढलं." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

पण मनात एक गोष्ट घोळत राहिली. आपल्याकडे देवी आल्या, की माणसाला वेगळ्या खोलीत ठेवायचे. दारावर पडदा, आत एखादंच माणूस, लेकरांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायचं नाही. आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. तिच्या गालावरचे वण मला आठवतात, आणि ती सांगायची ते दाराआडून ऐकू येणारं आईचं रडणंही आठवतं. मग डोरोथीचं काय झालं असेल? खोलीचं दार बंद, मुलं बाहेर, आतून मुलांना मारलेल्या हाका. स्वयंपाकघरातल्या बायकांनी जे पाहिलं, ते खरंच पाहिलं असेल. बंद दार खरं होतं. ते कुणी आणि का बंद केलं, एवढंच पुढच्या पिढीनं आपल्या परीनं भरलं. हा माझा तर्क आहे, पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या ओल्या दारात मला तो इतका खरा वाटला, की तिच्या चेहऱ्यावरच्या त्या खाचाही देवीच्या वाटायला लागल्या. देवीनं डोळे जायचे, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

दुपारी हाउटन हॉलला गेलो. डोरोथीच्या माहेरचं गाव. तिचं लहानपणचं घर मात्र उरलेलं नाही. भावानं १७२० च्या दशकात नवा, अफाट, करड्या दगडाचा महाल बांधला. पुढे १७७९ मध्ये त्याच्या नातवानं इथली चित्रं रशियाच्या कॅथरीन राणीला विकली. महालासमोरच्या मोकळ्या जागेत मधे येणारं गावही वॉलपोलनं उठवून दाराबाहेर पांढऱ्या घरांच्या दोन सरळ ओळींत नेऊन बसवलं. कुरणात पांढरी हरणं चरत होती. सांगतात, की डोरोथी इथेही येते, आणि पुढे चौथा जॉर्ज झालेला राजपुत्र इथे मुक्कामाला असताना तिला पाहून तडक निघून गेला. बाई माहेरी येऊन जाते, यात नवल ते काय? ताईनं त्या पांढऱ्या हरणांचे फोटो काढले. आम्ही फार थांबलो नाही.

तिसरा दिवस, १९ मे : ब्लिकलिंग

एल्शम गावापासून दीड-दोन मैलांवर रस्ता वळतो आणि एकदम डाव्या-उजव्या बाजूला काळ्याशार यू वृक्षांची कुंपणं येतात. शेकडो वर्षं कातरत आलेली, आत माणूस हरवेल एवढ्या रुंदीची. त्यांच्या मधोमध, दूर, लाल विटांचा वाडा आणि त्याचे मनोरे. मी जवळजवळ ओरडलेच. फोटोंत पाहिलेलं होतं, तरीही.

हा वाडा सर हेन्री होबार्ट या न्यायाधीशानं बांधवला. जागा त्यानं १६१६ मध्ये घेतली, वास्तुरचना रॉबर्ट लायमिंजची. म्हणजे ॲन बोलेनचा शिरच्छेद झाला १९ मे १५३६ ला आणि हा वाडा उभा राहिला त्यानंतर ऐंशीच्या वर वर्षांनी. तिनं हे दार, हा जिना, यातलं काहीच पाहिलेलं नाही. तिचा जन्म ज्या घरात झाला असं मानतात, ते बोलेन घराण्याचं जुनं घर याच जागेवर होतं. आतल्या भव्य जिन्याच्या दालनात तिचा लाकडी उठावशिल्पातला पुतळा आहे आणि खाली लॅटिनमध्ये कोरलंय : ॲन बोलेन इथे जन्मली, १५०७. बरेच अभ्यासक १५०१ हे साल धरतात. समोर तिची मुलगी, पहिली एलिझाबेथ. मायलेकी जिन्याच्या दोन बाजूंना. आई गेली तेव्हा लेक तीन वर्षांचीही नव्हती.

भाच्याला हे कोडं सुटेना. "तिचं घरच नाही उरलं, मग ती येते कुठे?"

मी त्याला शनिवारवाड्याचं सांगितलं. नारायणरावाला जिथे मारलं, तो सात मजली वाडाही १८२८ च्या आगीत गेला. उरले तट, दरवाजे आणि जोती. तरी लोक म्हणतात, की रात्री हाक ऐकू येते. आपल्याकडे भूत वास्तूचं कमी आणि जागेचं जास्त असतं. छप्पर नवं आलं तरी जागा तीच.

दिवसभर आत फिरलो. लांबलचक गॅलरी, एकशेवीस फुटांहून जास्त, आता ग्रंथालय आहे, बारा हजारांच्या वर पुस्तकं. एका दालनात पीटर द ग्रेटचा भिंतभर विणलेला पडदा, कॅथरीन राणीनं तिच्या दरबारी राजदूत असलेल्या इथल्या मालकाला भेट दिलेला. शेवटचा मालक लॉर्ड लोथियन १९४० मध्ये वॉशिंग्टनला राजदूत असताना वारला आणि वाडा जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. युद्धात इथे वैमानिक राहत. नैऋत्य मनोऱ्यातल्या खोलीत एका वेगळ्याच भुताचं कण्हणं ऐकू येतं म्हणतात. चौथे बॅरोनेट सर हेन्री होबार्ट, १६९८ च्या ऑगस्टमध्ये कॉस्टनच्या माळावर द्वंद्वयुद्धात पोटात तलवार लागून दुसऱ्या दिवशी गेले. पण आज त्यांचा दिवस नव्हता.

खोलीत बसलेल्या एका वयस्क स्वयंसेविकेला ताईनं ॲनबद्दल विचारलं. तिनं गोष्ट अशी सांगितली, जशी आपल्याकडे गुरव देवाची सांगतो, सावकाश आणि एकही शब्द न बदलता. आज रात्री बग्गी येईल. घोड्यांना डोकी नाहीत. हाकणाऱ्याला डोकं नाही. आत ॲन बसलेली, तिचं डोकं तिच्या मांडीवर. बग्गी दाराशी येते आणि नाहीशी होते. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "पण माझी दया वडिलांना जाते."

वडिलांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. सर थॉमस बोलेन. त्यांच्या आत्म्याला शिक्षा आहे : हजार वर्षं, दरवर्षी याच रात्री, कोंबडा आरवायच्या आत या मुलखातले बारा पूल ओलांडायचे. कुणी चाळीस म्हणतं. स्वतःचं डोकं काखेत, तोंडातून ज्वाला, मागे किंकाळ्या मारणारी पिशाच्चं.

दुपारचा चहा प्यायला बसलो, तरी माझ्या डोक्यातून ते जाईना. थॉमस बोलेनचा शिरच्छेद झालाच नव्हता. तो १५३९ मध्ये आपल्या घरी, आपल्या अंथरुणात गेला. १७ मे १५३६ ला मुलगा जॉर्ज मारला गेला, दोन दिवसांनी मुलगी. जॉर्जखेरीज ॲनसोबत आणखी ज्या चौघांवर आरोप ठेवले, त्यांचा निवाडा करायला बसलेल्या मंडळात या बापाचं नाव होतं. तो जगला. नोंदी एवढ्यावर थांबतात.

लोक थांबले नाहीत. नारायणराव मारला गेला तेव्हा आपल्याकडे रामशास्त्री प्रभुणे होते. राघोबाच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश होता. इथे कुणी नव्हतं. मग नॉरफोकच्या शेतकऱ्यांनी, नावाड्यांनी, चुलीशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी स्वतःच निकाल लावला. ज्याची मान वाचली, त्याची मान उतरवून त्याच्याच काखेत दिली, आणि हजार वर्षं चालायला लावलं. लेकीला फक्त घरी येऊ दिलं.

आवारातल्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये जमिनीत बसवलेला एक लहानसा पितळी पत्रा आहे. त्यावर एक छोटी मुलगी कोरलेली, नाव ॲन बोलेन. राणीची आत्या, १४७९ मध्ये गेलेली, चार वर्षांचीही नसलेली. तिचं भूत नाही. मी गुडघ्यावर बसून त्या पत्र्यावरून हात फिरवायला गेले आणि थांबले, हात लावू नये हे आठवलं म्हणून.

रात्री पुन्हा आलो. आवार बंद होतं, पण वाडा रस्त्याला सन्मुख असल्यामुळे फाटकाबाहेरून सगळं दिसतं. मे महिन्यात इथे नऊच्या पुढेही आभाळात उजेड रेंगाळतो. अंधार पडला तो फार हळू, आधी कुंपणं काळी झाली, मग विटांचा रंग गेला, शेवटी मनोरे. आमच्याशिवाय आणखी पाच-सहा माणसं होती, एक जोडपं कुत्र्याला घेऊन आलेलं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वटवाघळं फिरत होती. तळ्याकडून थंड वारा आला की यूच्या कुंपणातून सर्रकन आवाज जायचा.

बाराच्या सुमाराला भाच्यानं माझा हात धरला. मीही त्याचा धरला. मनातल्या मनात मी आजीचा प्रश्न विचारला, मराठीतच. बग्गी आली नाही. पण लांबच्या रस्त्यावरून एक गाडी आली, तिचे दिवे कुंपणांवरून सरकत गेले, आणि त्या दोन सेकंदांत तिथल्या प्रत्येक माणसानं श्वास धरला, हे मी ऐकलं.

गाडीत बसल्यावर भाचा म्हणाला, "ती आली असेल तर झोपली असेल आता. आजोबा चालत असतील." एलिझाबेथचे आजोबा, असं त्याला म्हणायचं होतं. नातं त्यानं अचूक लावलं होतं.

चौथा दिवस, २० मे : पूल

कॉस्टनच्या माळावरचा द्वंद्वाचा दगड बघायचा बेत होता. भाच्यानं तो मोडला. त्याला पूल मोजायचे होते.

ही यादी सांगणाऱ्यागणिक बदलते, पण बरीचशी नावं ब्यूर नदीकाठची आहेत : एल्शम, बर्ग, ऑक्सनेड, बक्स्टन, मेटन, कोल्टिशल, रॉक्सम. ब्यूर शांत नदी. बांधाबांधानं, लव्हाळ्यांतून, गायींच्या पायाशी वाहते. १७७९ पासून हिच्यातून एल्शमपर्यंत मालाच्या शिडाच्या नावा यायच्या. १९१२ च्या ऑगस्टमधल्या पुरानं बंधारे फोडले आणि ती वाहतूक कायमची संपली. असे नावाडी रात्री-अपरात्री पुलांखालून जायचे. पुलांची ही गोष्ट त्यांनीच सांभाळली असावी, असं मला वाटतं.

एल्शमचा पूल लक्षात राहण्यासारखा नाही. भाच्यानं वहीत रेघ ओढली. बर्गला पाणी स्वच्छ, तळाची हिरवी शेवाळं वाहत्या केसांसारखी.

ऑक्सनेडला मी गाडी थांबवायला लावली. हे पास्टन घराण्याचं गाव. पंधराव्या शतकातली त्या घरची पत्रं टिकून राहिली आणि त्यामुळे इंग्लंडमधल्या साध्या घरगुती आयुष्याचं एवढं जुनं चित्र आपल्याला मिळालं. त्यातलं १४४९ च्या सुमाराचं एक पत्र मी येण्याआधी वाचलं होतं. एलिझाबेथ पास्टन नावाची तरुण मुलगी. पन्नाशीच्या, रोगानं चेहरा बिघडलेल्या एका विधुराशी लग्न करायला तिनं नकार दिला. आईनं तिला कोंडलं. आठवड्यातून एकदा-दोनदा, कधी एका दिवसात दोनदा मारलं. डोकं दोन-तीन ठिकाणी फुटलं. एका नात्यातल्या बाईनं तिच्या भावाला लिहून कळवलं, की काहीतरी कर, आणि वाचून झाल्यावर हे पत्र जाळ. त्यानं जाळलं नाही, म्हणून आपल्याला कळलं.

पुलावर टेकून मी हे ताईला सांगितलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे डोरोथीची गोष्ट लोकांनी हवेतून नाही काढली." मी म्हटलं, "नाही. कोंडलेल्या मुली त्यांनी पाहिल्या होत्या." एलिझाबेथ पास्टन त्यातून सुटली, पुढे दोनदा लग्न झालं, जगली. भूत झाली नाही. तिला तर कुणी पिस्तूलही दाखवलं नाही, फक्त एका बाईनं पत्र लिहिलं.

बक्स्टनला गिरणीपाशी चौथी रेघ. पुढे गल्लीसारखे रस्ते, दोन्ही बाजूंना हॉथॉर्नचा पांढरा बहर, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे जावं लागेल असे. मेटनचा पूल चुकला. कोल्टिशलला पाचवी रेघ, तिथे बदकांनी आमचा पाव संपवला. रॉक्समला सहावी. तिथला जुना दगडी पूल इतका बुटका आणि अरुंद, की भाड्याच्या मोठ्या बोटी खालून न्यायला पायलट, म्हणजे माहीतगार नावाडी, घ्यावा लागतो. आम्ही बघत असताना एका बोटीचं छप्पर कमानीखालून बोटभर अंतरानं निसटलं आणि काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दमले असतील ते," भाचा म्हणाला. "सहा झाले, अजून सहा. आणि हजारातली अजून पाचशे वर्षं." त्यानं वहीच्या कोपऱ्यात १५३९ मध्ये १००० मिळवून २५३९ लिहिलं होतं. "मावशी, त्यांचं काय राहिलं?"

मी सांगून टाकलं, "नाही म्हणायचं राहिलं."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि मग मेटनचा पूल चुकलेला चालणार नाही असा धोशा लावला. माझी आगगाडी साडेचारची होती. ताईनं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गाडी मागे वळवली.

मेटनचा पूल सापडला. रस्त्याच्या कडेला, विटांचा, म्हातारा, दोन कमानींचा. टोकाला वाटसरूंना बसायला छोटे कोनाडे आहेत, माणूस दुमडून बसेल एवढे, वरून छप्पर असलेले. भाचा एका कोनाड्यात जाऊन बसला आणि बराच वेळ उठला नाही. आम्ही हाक मारली नाही. पाण्यावर चिलटं नाचत होती, पलीकडच्या शेतात कुणीतरी गवत कापत होतं.

मग तो उठला, पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि सातवी रेघ ओढली.